नसबंदी झाली तरी बोका घरात फवारे मारतोय? शोध कुठून सुरू करायचा

आमचा भुऱ्या सोसायटीच्या पार्किंगमधून वर आला तेव्हा दोनेक वर्षांचा, पुरता वाढलेला बोका होता. हॉलचा पडदा, चपलांचं कपाट आणि ड्राय बाल्कनीतलं वॉशिंग मशीन या तीन जागा त्याने पहिल्याच आठवड्यात ठरवून टाकल्या. जुलैत त्याची नसबंदी केली. ऑगस्ट आणि सप्टेंबर घर कोरडं राहिलं, आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला. ऑक्टोबरात एका सकाळी पडद्याला पुन्हा तोच उग्र दर्प. पडदा धुतला, तीन आठवडे बरे गेले आणि पुन्हा सुरू. सासूबाई म्हणाल्या, "अगं, ऑपरेशनच नीट झालेलं नसणार त्याचं." मलाही मनातून तेच वाटत होतं.

ऑपरेशन नीटच झालं होतं. खरं कारण सापडायला डिसेंबर उजाडला आणि ते पुरतं दूर व्हायला फेब्रुवारी. मधल्या काळात मी बऱ्याच गोष्टी तपासल्या, पण उलटसुलट क्रमाने. त्याच इथे नीट क्रम लावून लिहिते आहे. या एका त्रासापायी लोक मांजर घराबाहेर काढतात, आणि घरात वाढलेल्या मांजराचे रस्त्यावर फार हाल होतात. ती वेळ कुणावर येऊ नये म्हणून हा खटाटोप.

फवारा आहे की शू?

दोन्हीला आपण 'घाण केली' एवढंच म्हणतो, पण कारणं अगदी वेगळी असतात. फवारा मारताना बोका उभा असतो. पाठ भिंतीकडे, शेपूट ताठ वर, तिचं टोक थरथरत असतं आणि मागचे पाय जागच्या जागी तुडवल्यासारखे हलतात. डाग उभ्या जागी, जमिनीपासून साधारण वीतभर उंचीवर पडतो आणि तिथून खाली ओघळतो. लघवी थोडीच असते. शू करताना मात्र तो खाली बसतो. डाग आडव्या जागी, म्हणजे गादीवर, पायपुसण्यावर, बाथरूमच्या जाळीपाशी, आणि चांगलं थारोळंच असतं.

डोळ्यांनी बघायला मिळालं नाही तर यूव्ही टॉर्च घ्या. रात्री सगळे दिवे बंद करून मी हॉलमध्ये तो लावला, तेव्हा पडद्याच्या खालच्या कडेला फिकट पिवळट-हिरवे पट्टे चमकले. त्याच्या शेजारी, सोफ्याच्या मागच्या बाजूला, आम्हाला कधीच न दिसलेले आणखी चार ओघळ होते. म्हणजे आम्ही पडदा धूत होतो आणि सोफा तसाच राहत होता.

तुमच्याकडे थारोळं सापडत असेल तर नसबंदीचा विचार बाजूला ठेवा आणि लिटर बॉक्सकडे, म्हणजे मांजराच्या शी-शूच्या खोक्याकडे, वळा. बॉक्स मांजराच्या लांबीच्या दीडपट हवा. मांजरं जितकी, त्याहून एक बॉक्स जास्त. रोज चाळून काढायचा, लिटर बिनवासाचं घ्यायचं, आणि तो खडखडणाऱ्या वॉशिंग मशीनच्या शेजारी ठेवायचा नाही. बहुतेक घरांत चूक इथेच सापडते.

आणि एक गोष्ट, बाकी काही वाचलं नाही तरी चालेल पण ही वाचाच. बोका सारखा बॉक्समध्ये जाऊन बसतोय, जोर करतोय, कण्हतोय, लिंग चाटतोय आणि बाहेर येतंय थेंबभर किंवा काहीच नाही, असं दिसलं तर सकाळची वाट बघू नका. बोक्याची लघवीची नळी अरुंद असते, ती खड्यांनी किंवा चिकट बुचाने तुंबते. मग मूत्रपिंडांवर ताण येतो, रक्तातलं पोटॅशियम वाढतं आणि एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. बद्धकोष्ठ समजून एरंडेल पाजत बसलेली माणसं मी पाहिली आहेत. तशाच रात्री दवाखाना गाठा. लहानपणी नसबंदी केली की ही नळी अरुंद राहते असं बरेच जण मानतात, पण मोजमापांत तसा फरक आढळलेला नाही. त्या भीतीने ऑपरेशन लांबवू नका. पाच महिन्यांच्या आत झालं तर फवाऱ्याची सवय लागायच्या आधीच काम होतं.

नसबंदीने नेमकं काय बदलतं

बोक्याचे दोन्ही अंड काढले की एक-दोन दिवसांत रक्तातलं टेस्टोस्टेरॉन तळाला जातं. पण वागणूक त्याच दिवशी बदलत नाही. अमेरिकेत डेव्हिसच्या विद्यापीठातले बेंजामिन हार्ट आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९७३ साली नसबंदी झालेल्या मोठ्या बोक्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात फवारे मारणं ८७ टक्के बोक्यांत कमी झालं किंवा थांबलं. यातल्या बहुतेकांत ते झपाट्याने झालं, पण ९ टक्क्यांत हळूहळू, महिने घेत. भटकणं त्याहून जास्त बोक्यांत कमी झालं, मारामारी जवळपास तितक्याच. पुढे १९८४ मध्ये हार्ट यांनीच दाखवलं की वयात येण्याआधी नसबंदी झालेल्या बोक्यांपैकीसुद्धा साधारण १० टक्के मोठेपणी फवारे मारतात, आणि ऑपरेशन झालेल्या भाट्यांपैकी, म्हणजे माद्यांपैकी, ५ टक्के.

हे आकडे कळले तेव्हा माझ्या मनावरचं ओझं उतरलं. ऑपरेशन फसलं नव्हतं आणि भुऱ्या खोडसाळही नव्हता. फवारा हॉर्मोनमुळे जोर धरतो, पण मांजराला तो मुळातच येत असतो. हॉर्मोन गेलं की कारणाशिवाय फवारा मारणं थांबतं. कारण समोर उभं असेल तर नसबंदी झालेला बोकासुद्धा मारतोच.

वासाचंही तसंच. मांजराच्या लघवीत फेलिनिन नावाचं गंधकयुक्त द्रव्य असतं, आणि पूर्ण, म्हणजे नसबंदी न झालेल्या, बोक्याच्या लघवीत ते कितीतरी जास्त. ताजं असताना वास इतका जाणवत नाही. तासातासाने ते तुटत जातं आणि दुसऱ्या दिवशी खोलीत पाऊल ठेववत नाही. नसबंदीनंतर फेलिनिन उतरतं, म्हणून वास सौम्य होतो. ऑपरेशनला दोन महिने होऊन गेले तरी वास पूर्वीइतकाच झोंबत असेल, तर दोन शक्यता राहतात. एक तर तो जुना मुरलेला डाग आहे, किंवा अंगात अजून कुठे तरी टेस्टोस्टेरॉन तयार होतं आहे.

ही दुसरी शक्यता विरळ, पण तपासायला सोपी. काही बोक्यांचा एक अंड खाली उतरतच नाही, पोटात किंवा जांघेत अडकून राहतो. रस्त्यावरून आलेल्या बोक्याची पिशवी रिकामी दिसली तर 'याचं आधीच झालेलं दिसतंय' असा समज होतो. पूर्ण बोक्याच्या लिंगावर बारीक काटे असतात. ते टेस्टोस्टेरॉनवर जगतात आणि नसबंदीनंतर साधारण सहा आठवड्यांत नाहीसे होतात. डॉक्टर ते मिनिटभरात बघू शकतात. आमच्या डॉक्टरांनी भुऱ्याला टेबलावर धरून पाहिलं, "गुळगुळीत आहे, काही राहिलेलं नाही," म्हणाल्या आणि सासूबाईंची शंका तिथेच मिटली. लघवीही तपासली. खडे नाहीत, रक्त नाही.

आणखी दोन गोष्टी इथेच सांगते, कारण त्या हमखास विचारल्या जातात. ऑपरेशननंतर नळीत उरलेल्या शुक्राणूंमुळे बोका काही आठवडे पिल्लं देऊ शकतो, त्यामुळे घरात माजावर येणारी भाटी असेल तर दीड महिना तरी त्यांना वेगळं ठेवा. आणि दुखत असेल म्हणून घरचं पॅरासिटामॉल चुकूनही देऊ नका. त्याची एक गोळीही मांजराचा जीव घ्यायला पुरेशी आहे.

तो सुस्त होतो का, त्याचा स्वभाव जातो का? भुऱ्या आजही दोरी दिसली की झेप घेतो आणि पाल दिसली की तासभर भिंतीखाली बसून राहतो. खेळ, शिकार, माया हे हॉर्मोनचं काम नाही. भूक मात्र वाढते आणि शरीराची गरज जवळपास पाव हिश्शाने घटते. आम्ही पूर्वीइतकंच वाढत राहिलो, तर चार महिन्यांत तो सव्वाचार किलोवरून पाच किलोच्या वर गेला. आता वाटी मोजून देतो.

भिंतीवरचं कॅलेंडर

डॉक्टरांनी दिलेला सगळ्यात उपयोगी सल्ला औषधाचा नव्हताच. "प्रत्येक वेळी तारीख, वेळ आणि जागा लिहून ठेवा," एवढंच त्या म्हणाल्या. दुधाचा हिशेब मांडतो त्याच कॅलेंडरवर मी लाल पेनाने लिहायला लागले. प म्हणजे पडदा, क म्हणजे कपाट, म म्हणजे मशीन.

महिनाभराने ते पान समोर ठेवलं. तिन्ही जागा बाहेरच्या बाजूला लागून होत्या. पडद्यामागे खिडकी, कपाटामागे मुख्य दार आणि मशीनच्या वर ड्राय बाल्कनीची जाळी. बेडरूममध्ये, जिथे भुऱ्या दिवसाचे दहा तास झोपतो, एकही डाग नाही. वेळ जवळजवळ नेहमी पहाटेची. आजारी मांजर खिडक्या शोधत फिरत नाही, आणि बॉक्सवर रुसलेलं मांजर रोज पहाट गाठत नाही.

एका शनिवारी मी साडेचारचा गजर लावून हॉलमध्ये अंधारात बसले. पावणेपाचच्या सुमाराला भुऱ्याचे कान मागे गेले. खिडकीबाहेरच्या छज्जावर एक पिवळा बोका आला. दोन्ही गलफडं फुगलेली, नाकावर ओरखडा, मान जाड. (अशी फुगलेली गलफडं ही पूर्ण बोक्याची लांबूनही ओळखू येणारी खूण. लवकर नसबंदी झालेल्या बोक्याचा चेहरा निमुळता राहतो.) त्याने आमच्या खिडकीच्या चौकटीवर पाठ फिरवली, शेपूट थरथरली आणि तो निघून गेला. भुऱ्या आधी घशातल्या घशात गुरगुरला, काचेशी जाऊन हुंगला आणि मग त्याच खिडकीच्या पडद्यावर त्याने आपलं उत्तर लिहिलं. माझ्याकडे त्याचं लक्षही नव्हतं. इतके दिवस मी त्याला रागे भरत होते, तो बिचारा माझं घर राखत होता.

पिवळ्याचं नाव आम्ही हळद्या ठेवलं. तो पावसाळ्यात आमच्या मागच्या गल्लीत नव्हता, ऑक्टोबरात आला. ऑगस्ट-सप्टेंबर कोरडे गेले त्याचं कारण हेच.

बाहेरचं मांजर दिसल्यावर घरातलं मांजर कधी कधी शेजारी असेल त्याच्यावरच तुटून पडतं, दुसऱ्या मांजरावर किंवा आपल्या पायावर. त्या वेळी मध्ये हात घालू नका. मोठं ब्लँकेट टाका, खोली अंधारी करा आणि दार लोटून त्याला तासभर एकटं सोडा.

काय केलं, आणि त्याने किती फरक पडला

आधी स्वच्छता. फिनेल वापरायचं नाही. फिनॉल जातीची द्रव्यं माणसाचं यकृत पचवून बाहेर टाकतं, मांजराचं यकृत ते करू शकत नाही. फिनेलने पुसलेल्या फरशीवरून चाललेलं मांजर पंजे चाटतं तेव्हा ते विष त्याच्या पोटात जातं. ब्लीचही नको, लघवीत मिसळलं की त्याची झोंबणारी वाफ येते. अमोनिया असलेला क्लीनर तर मांजराला लघवीसारखाच वाटतो आणि ते पुन्हा तिथेच येतं. मी हे केलं: डाग आधी साध्या पाण्याने टिपून घेतला, मग एन्झाइम असलेली कपड्यांची पावडर एकास दहा पाण्यात मिसळून त्यात भिजवलेलं फडकं दहा मिनिटं डागावर दाबून ठेवलं, साध्या पाण्याने पुसलं, वाळू दिलं आणि शेवटी सर्जिकल स्पिरिट फवारलं. सोफ्याचं कापड रंग सोडतं का ते आधी मागच्या बाजूला बघून घेतलं. स्पिरिट पूर्ण उडेपर्यंत भुऱ्या बेडरूममध्ये. वास आपल्या नाकाला गेला म्हणजे त्याच्या नाकाला गेला असं नाही, म्हणून दोन दिवसांनी यूव्ही टॉर्च लावून पुन्हा तेच. खिडकीची चौकट बाहेरूनही धुतली, कारण मूळ सही हळद्याची होती.

मग काचेवर खालून दोन फुटांपर्यंत दुधी फिल्म चिकटवली. उजेड येतो, छज्जा दिसत नाही. ड्राय बाल्कनीचं दार रात्री बंद. भुऱ्याला उंचावर बसायला आवडतं, म्हणून बेडरूमच्या खिडकीत, जिथून फक्त आंब्याचं झाड दिसतं, तिथे त्याची फळी ठोकली. कपाटाशेजारी ओरबाडायला सुतळी गुंडाळलेला खांब उभा केला. पंज्यातूनही मांजर आपला गंध ठेवतं, आणि ते काम तिथे झालं की फवाऱ्याची गरज कमी होते. मांजराच्या गालातल्या गंधाची कृत्रिम नक्कल असलेला डिफ्युझरही मिळतो, तो काहींना लागू पडतो. आमच्याकडे वरच्या बदलांनंतर लागला नाही.

फरक पडला. कॅलेंडरवर आठवड्याला पाच-सहा लाल अक्षरं यायची, ती एकावर आली. जानेवारीत मात्र कपाटाची जागा पुन्हा सुरू झाली. हळद्या जिन्याने वर येऊन सेफ्टी डोअरवर फवारा मारून जात होता. दारावर फिल्म लावून ते थांबणार नव्हतं.

या सगळ्यात ओरडणं, नाक डागात घासणं, पाण्याचा मारा करणं यातलं काही करू नका. फवारा धास्तीतून येतो, आणि ओरडण्याने धास्ती वाढते. सगळं करूनही दोन-अडीच महिन्यांत फरक नसेल तर डॉक्टरांशी औषधाबद्दल बोला. फ्लुऑक्झेटीन किंवा क्लोमिप्रामीनने बऱ्याच मांजरांचे फवारे कमी होतात. ती काही आठवडे रोज द्यावी लागतात, आणि प्रमाण डॉक्टरांनीच ठरवायचं.

भाटीबद्दल थोडक्यात. ऑपरेशन झालेली भाटी काही महिन्यांनी किंवा वर्षांनी पुन्हा माजावर आल्यासारखी वागली, म्हणजे लोळली, रात्रभर ओरडली, मागचा भाग उचलून शेपूट बाजूला केली, तर अंडाशयाचा तुकडा आत राहिलेला असू शकतो. ही लक्षणं दिसत असतानाच तिला डॉक्टरांकडे न्या, तेव्हाच निदान सोपं जातं. आणि दोन मांजरांच्या घरात एक ऑपरेशन होऊन परत आलं की दुसरं त्याच्यावर फिस्कारतं, ते दवाखान्याच्या वासामुळे. दोन दिवस वेगळ्या खोल्यांत ठेवा, एकच टॉवेल दोघांच्या अंगावरून फिरवा, मग हळूहळू भेट घडवा.

हळद्याचं पुढे असं झालं. सोसायटीत भटक्या मांजरांना खाऊ घालणाऱ्या एक काकू आहेत. त्यांच्या ओळखीने प्राण्यांसाठी काम करणारी दोन मुलं पिंजरा घेऊन आली. पिंजऱ्यात सुकी बोंबील ठेवली, वर जुनी चादर टाकली. तिसऱ्या रात्री तो सापडला. नसबंदी, रेबीजची लस, आणि ओळखीसाठी डाव्या कानाचं टोक कापलेलं. दोन दिवस काकूंच्या गॅरेजमध्ये ठेवून त्याला होता तिथेच सोडला. खर्च आमच्या मजल्यावरच्या तीन घरांनी वाटून घेतला.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात कॅलेंडरवरचं शेवटचं लाल अक्षर पडलं. हळद्या अजूनही छज्जावर येतो, पण आता दुपारी, उन्हाला. त्याची गलफडं उतरत चालली आहेत. भुऱ्या फळीवरून मान वर करतो, त्याची चाहूल घेतो आणि पुन्हा शेपटीत नाक खुपसतो. हॉलचा पडदा मी मधल्या काळात काढून ठेवला होता, तो गुढीपाडव्याला परत लावला.